ईमा सुमाक ऐकायची आहे? सुरुवात इथून करा

बहुतेकांची ईमा सुमाकशी पहिली ओळख होते ती कुणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातून. दागिन्यांनी मढलेली एक बाई आधी खर्जात गुरगुरते, मग एकदम शिट्टीसारख्या स्वरावर जाते, आणि खाली ओळ असते, ‘पाच सप्तकांचा आवाज!’ ऐकणारा ‘बाप रे’ म्हणतो, तुकडा पुढे पाठवतो आणि विसरतो.

मला याचं वाईट वाटतं. पेरूमधून आलेली आणि १९५० साली अमेरिकेत एका रेकॉर्डने गाजलेली ही गायिका मी गेली बारा-तेरा वर्षं ऐकते आहे. सप्तकं मोजायला ती उत्तमच आहे, पण मोजून झाल्यावर खरं ऐकणं सुरू होतं. ज्यांनी तिला कधीच ऐकलेलं नाही त्यांनी कुठून सुरू करावं, कशाकडे कान द्यावा आणि काय सुरुवातीला बाजूला ठेवावं, ते इथे क्रमाने सांगते. क्रम माझा आहे. तो ठरायला मला बरीच वर्षं लागली, तुमची तेवढी वाचतील.

पायरी १ : आधी नाव आणि माणूस

उच्चार ‘ईमा सुमाक’. शोधताना रोमन लिपीत वाय-एम-ए आणि एस-यू-एम-ए-सी टाइप करा. अगदी जुन्या रेकॉर्डवर पहिलं नाव आय-ने सुरू होतं आणि त्यात दोन एम असतात, तेव्हा तसंही शोधून बघा. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत या नावाचा अर्थ ‘किती सुंदर’ असा होतो.

जन्म १३ सप्टेंबर १९२२, देश पेरू. कागदोपत्री नाव सोइला आउगुस्ता एम्पेरात्रिस चाव्हारी देल कास्तियो. त्यातल्या ‘एम्पेरात्रिस’चा अर्थ सम्राज्ञी, आणि हे नाव पुढे तिला भलतंच लागू पडलं. इंका साम्राज्याचा शेवटचा सम्राट अताहुआल्पा याच्या वंशातली राजकन्या म्हणून तिची जाहिरात झाली. स्पॅनिश सैन्याने अताहुआल्पाला १५३२ साली पकडलं ते काहामार्का इथे, आणि ईमा आपलं बालपण सांगायची ते त्याच काहामार्का भागातल्या इचोकान गावचं. वंशावळीचं खरंखोटं करत बसू नका. ही राजकन्येची गोष्ट तिच्या रंगमंचावरच्या पोशाखाचाच एक भाग होती, एवढं धरून चाला.

दुसरं नाव लक्षात ठेवायचं ते मोइसेस विवांको. पेरूच्या आयाकुचो भागातला हा गिटारवादक, संगीतकार आणि लोकसंगीताच्या मंडळीचा चालक. १९४२ साली दोघांचं लग्न झालं. १९४३ साली अर्जेंटिनात त्यांनी पेरूच्या लोकगीतांच्या रेकॉर्ड केल्या आणि १९४६ साली ते न्यूयॉर्कला पोचले. तिथे विवांको, ईमा आणि तिची चुलतबहीण चोलिता रिवेरो असं तिघांचं पथक मिळेल तिथे कार्यक्रम करत होतं. १९५० साली कॅपिटॉल रेकॉर्ड्सने ईमाला करारबद्ध केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोल या प्रचंड खुल्या रंगमंचावर उभी राहिली.

सुरुवातीला एवढं चरित्र पुरे.

पायरी २ : पेटी जवळ घ्या

‘पाच सप्तकं’ म्हणजे किती, हे कळल्याशिवाय तो आकडा नुसता फुगा राहतो. घरात पेटी असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल.

स्त्रिया बऱ्याचदा काळी चारमध्ये गातात, म्हणून तोच सा धरू. या मध्य षड्जाला सेकंदाला साधारण २०८ कंपनं होतात. एक सप्तक वर गेलं की कंपनं दुप्पट, म्हणजे तार षड्जाला ४१५. तार षड्ज दमदार लागला आणि त्यावर जरा ठेहराव दिसला की आपल्याकडे श्रोते मान डोलावतात. ख्याल गाणारी गायिका मंद्र पंचमाच्या आसपासपासून तार मध्यम-पंचमापर्यंत, म्हणजे दोन सप्तकं, सुखाने फिरली की तिच्या आवाजाचा पल्ला चांगला असं आपण म्हणतो.

आता पेटीवर त्या मध्य षड्जाच्या एक सप्तक खाली या, १०४ कंपनं. हा पुरुषाच्या खर्जाचा प्रदेश. तिथून पट्ट्या दाबत वर चला : २०८, ४१५, ८३१, १६६१. ही चार सप्तकं झाली, आणि शेवटचा स्वर पहिल्याच्या सोळापट. पाच सप्तकं म्हणजे बत्तीसपट. आपल्या नेहमीच्या पेटीत साडेतीन सप्तकंच असतात, म्हणजे हे सगळं वाजवायला पेटीसुद्धा अपुरी पडते.

ईमाचा पल्ला कुणी चार सप्तकं सांगतो, कुणी साडेचार, कुणी पाचाच्याही वर. जाहिरातवाल्यांनी त्यात भर घातली असणारच. पण दोन गोष्टी रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू येतात. ती खाली पुरुषी आवाजाच्या पट्टीत उतरते, आणि वर नेहमीच्या सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत उंच आवाजाच्या गायिकांच्याही पलीकडे, शिट्टीसारख्या आवाजात जाते. दशांशावर वाद घालण्यापेक्षा पेटीवर ही वाट एकदा बोटांनी चालून बघा, आकडा आपोआप अंगात मुरतो.

याच वाटेवर आणखी एक गोष्ट समजते. इतक्या वर गेल्यावर ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे उच्चार वेगळे ओळखू येत नाहीत, सगळे एकाच बारीक धारेत मिसळतात. ईमाच्या पुष्कळ गाण्यांत शब्द थोडे आणि नुसता स्वरांचा वावर जास्त का, याचं एक कारण हे आहे. म्हणून अर्थ कळला नाही तर अडून बसू नका. आपण तराणा ऐकताना कुठे अडतो?

पायरी ३ : पहिली दोन गाणी, आणि सांधा

१९५०चा तिचा अल्बम ‘व्हॉइस ऑफ द एक्सटाबे’. त्यात आठच गाणी आहेत. त्यातली ‘अताइपुरा’ आणि ‘टुंपा’ एवढी दोनच पहिल्या दिवशी ऐका. हेडफोन लावा, कारण मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि मग निम्मं गाणंच उरतं. हे ध्वनिमुद्रण मोनो आहे, तेव्हा दोन्ही कानांत एकच ऐकू आलं तर बिघाड समजू नका. जुन्या रेकॉर्डवरून कुणीतरी घरी उतरवून घेतलेल्या प्रतींचा वेग कधीकधी चुकलेला असतो, आणि वेग वाढला की पट्टीही चढते. ज्या गायिकेचं सगळं नाव उंच स्वरांवर, तिच्या बाबतीत ही फसवणूक महागात पडते. म्हणून शक्यतो अधिकृत प्रतच ऐका. पुष्कळ ठिकाणी हा अल्बम १९५३च्या ‘इंका ताकी’ला जोडून सोळा गाण्यांचा एकच संच म्हणून मिळतो. तोच घ्या, पुढच्या पायरीला लागणार आहे.

‘अताइपुरा’त मागे पुरुषांचा कोरस आणि मोठा वाद्यवृंद आहे, त्यावरून तिचा आवाज घारीसारखा तरंगत जातो. ‘टुंपा’ म्हणजे भूकंप. इथे ती जमिनीखालून बोलल्यासारखी सुरुवात करते.

‘टुंपा’ मी एकदा माझ्या आत्याला ऐकवलं होतं. आत्याने आयुष्यभर घरी गाण्याच्या शिकवण्या घेतल्या, आता गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून शिकवते. डोळे मिटून तिने मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, “अगं, ही दुसरी कोण गाते आहे?”

“दुसरी नाही आत्या, एकटीच आहे.”

“परत लाव.”

दुसऱ्यांदा लावल्यावर तिने हाताने ‘थांब’ अशी खूण केली, पेटी ओढून घेतली आणि भाता मारत तो खालचा स्वर शोधला. त्याच्यावरचा शोधला. मग मधल्या एका पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “इथे बदलते बघ. छातीतला आवाज सोडते आणि डोक्यातला घेते. पण सांधा कुठे दिसतोय का तुला? आमच्या मुलींचा इथेच आवाज फाटतो.”

त्या दिवसापासून मी ईमाला सांध्यासाठी ऐकते. प्रत्येक माणसाच्या गळ्यात असे एक-दोन सांधे असतात. भरदार, छातीत घुमणारा आवाज एका ठिकाणी संपतो आणि हलका, डोक्यात वाजणारा आवाज सुरू होतो. तिथे बहुतेकांचा आवाज लटपटतो, पातळ होतो किंवा सरळ तुटतो. ईमाला एका सांध्याने भागत नाही. तिच्या गळ्यात आणखी वर जाऊन त्या शिट्टीच्या आवाजाचा वेगळा मजला आहे. या तिन्ही मजल्यांवर ती कधी घसरगुंडीसारखी सरकत जाते आणि मधली पायरी जाणवूच देत नाही, तर कधी मुद्दाम उडी मारून सांधा उघडा ठेवते, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन माणसं गात असल्याचा भास व्हावा. आत्याला झाला तोच भास. कुठे लपवायचं आणि कुठे दाखवायचं, यातली तिची निवड हीच मला तिची खरी कारागिरी वाटते. वरचा स्वर लागणं ही गळ्याची देणगी असेल, ही निवड मात्र कमावलेली आहे.

आपल्याकडच्या कानाला एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. खुल्या आकारावर वाढलेले आपण तिचा वरचा आवाज ऐकून पटकन म्हणतो, ‘हा खोटा आवाज.’ माझंही तसंच झालं होतं. आपल्या पद्धतीत आवाज चोरणं हा दोष आहे आणि तो नियम आपल्या गाण्यासाठी योग्यच आहे. इथे मात्र त्या आवाजाला स्वतःचं वजन आहे. तो थरथरत नाही, सुरातून ढळत नाही, त्याच्यावर बारीक हरकती स्वच्छ येतात. चार-पाच वेळा ऐका आणि मग ठरवा.

पायरी ४ : ‘चुंचो’, दिवा मालवून

‘इंका ताकी’ या अल्बममधलं ‘चुंचो’ हे गाणं तिच्या आवाजाचा संपूर्ण नकाशा आहे. ते अर्ध्या मिनिटाचे तुकडे बहुतेक याच गाण्याचे असतात. ‘चुंचो’ हा डोंगरावरच्या लोकांनी अमेझॉनच्या जंगलातल्या लोकांसाठी वापरलेला शब्द, आणि त्यात काहीशी हेटाळणी आहे. रेकॉर्डवर इंग्रजीत उपशीर्षक मात्र ‘जंगलातले जीव’ अशा अर्थाचं आहे.

पक्ष्याची शीळ, कसली तरी घशातली गुरगुर, लांबून आल्यासारखी साद, मग अंगावर काटा आणणारा तो बारीक धारेचा स्वर, असं सगळं एकाच गळ्यातून येतं. लहानपणी डोंगरात पक्ष्यांची नक्कल करत करत मी गायला शिकले, असं ती सांगत असे. ‘चुंचो’ ऐकल्यावर ते सहज पटतं.

हे तीनदा ऐका, आणि तिन्ही वेळा वेगळं काम करा. पहिल्यांदा काहीच करू नका, दिवा मालवा आणि ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालचे स्वर पकडा. वरच्या स्वरांच्या झगमगाटात तिचा खर्ज झाकला जातो, आणि तो ऐकण्यासारखा आहे : उबदार, थोडा खरखरीत, घुमारा असलेला. तिसऱ्यांदा पेटी घेऊन बसा आणि सर्वांत वरचा स्वर शोधायचा प्रयत्न करा. बोट पेटीच्या उजव्या टोकाकडे सरकत जाईल.

गाण्याच्या विद्यार्थ्यांना एक कळकळीची विनंती. शिट्टीचा आवाज घासून, ओढून काढायचा प्रयत्न करू नका. घसा दुखायला लागला की थांबा. मुलं हमखास प्रयत्न करतात म्हणून सांगते आहे.

पायरी ५ : वेष्टन सोडवा

आठवडाभर ही तीन गाणी ऐकून झाली की मग भोवतालचा झगमगाट बघायचा. आधी बघितला तर कान झाकले जातात.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत दूरदेशीच्या, खऱ्या आणि बहुतांशी काल्पनिक, संगीताचं मोठं आकर्षण निर्माण झालं. जंगलं, ज्वालामुखी, देवळं, ढोल. घरातल्या दिवाणखान्यात बसून प्रवास करून आणणाऱ्या या प्रकाराला पुढे ‘एक्झॉटिका’ हे नाव पडलं. त्याचा एक मोठा कर्ता लेस बॅक्स्टर, आणि ‘व्हॉइस ऑफ द एक्सटाबे’चा वाद्यवृंद त्याचाच. तंतुवाद्यांचे ते मऊ ढग, त्या घणघणणाऱ्या थाळ्या, हे हॉलिवुडचं काम आहे. इंकांशी त्याचा संबंध नाही.

नावच बघा ना. एक्सटाबे (माया लोक म्हणतात तसं ‘इशताबाय’) ही मेक्सिकोच्या युकातान भागातल्या माया लोकांच्या कथांमधली बाई. झाडाखाली केस विंचरत बसते आणि वाटसरूंना भुलवून नेते. आपल्याकडच्या जखिणीच्या, हडळीच्या गोष्टींच्या जवळची. पेरूपासून युकातान हजारो किलोमीटर दूर. लोक वेगळे, भाषा वेगळी. पण कॅपिटॉलच्या दृष्टीने सगळंच ‘तिकडचं’ होतं, त्यामुळे माया भुताचं नाव इंका राजकन्येला चिकटलं.

पेरूमधल्या जाणकारांना हे टोचत होतं. केचुआ भाषा आणि अँडीजचं लोकजीवन जवळून जाणणारे लेखक आणि मानववंशशास्त्रज्ञ होसे मारिया आर्ग्वेदास यांनी तर ती अमेरिकेत गाजण्याच्या आधीच, १९४०च्या दशकात, तिच्या गायकीवर आणि विवांकोच्या पथकावर आक्षेप घेतला होता. डोंगरातली गाणी रंगमंचासाठी नटवताना त्यांचा मूळ बाज हरवतो, असं त्यांचं म्हणणं. लावणी किंवा गोंधळ चकचकीत सेटवर बघताना आपल्यालाही हेच खुपतं, म्हणून हा आक्षेप मराठी श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाही. मला तो बरोबर वाटतो. तरीही ईमाला बाजूला ठेवणं मला जमत नाही, कारण त्या नटवण्याच्या आत एक अस्सल गळा आहे आणि तो कुणी स्टुडिओत बनवलेला नाही.

याच्या अगदी उलटी अफवा अमेरिकेत पसरली होती. ती पेरूची नाहीच, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली एमी केमस नावाची साधी गृहिणी आहे, म्हणे. ईमा सुमाक हे नाव रोमन अक्षरांत उलटं लिहा, एमी केमस तयार होतं. गंमत म्हणून ठीक आहे, पण आयुष्यभर हे ऐकावं लागलेल्या बाईसाठी ती गंमत नव्हती. केचुआ नाव असलेली डोंगरातली मुलगी इतकं गाऊ शकते, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ती ब्रुकलिनची असावी हे लोकांना सोपं वाटलं. मला त्याचा अजून राग येतो.

या टप्प्यावर १९५४चा ‘सीक्रेट ऑफ द इंकाज’ हा चित्रपट बघायला हरकत नाही. नायक चार्लटन हेस्टन, आणि काही चित्रण प्रत्यक्ष माचू पिचूवर झालेलं. ईमाचं काम छोटं आहे, पण ‘अताइपुरा’ आणि ‘टुंपा’ गाताना तिचा चेहरा बघायला मिळतो. कथेसाठी बघू नका, तिच्यासाठी बघा. त्याआधी १९५१ साली तिने ‘फ्लाहूली’ या ब्रॉडवेच्या संगीतिकेतही काम केलं, पण ती चाळीस प्रयोगांतच बंद पडली.

पायरी ६ : फक्त काळ्या पट्ट्या

ही माझी सर्वांत आवडती पायरी.

पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा धरलात तर भूप राग निघतो. त्याच पट्ट्या, पण सा काळी दोनला धरलात तर धानी : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आता या दोन षड्जांच्या मध्ये ये-जा करत एखादी ओळ गुणगुणा. वर जाताना भूपासारखी उजळ आणि उतरताना धानीसारखी व्याकूळ होऊन खालच्या षड्जावर टेकणारी. अँडीजच्या डोंगराळ भागातल्या कितीतरी गाण्यांचा, विशेषतः तिथल्या ‘वाय्नो’ या नाचगाण्यांचा, सांगाडा हाच पाच स्वरांचा आहे.

हे एकदा बोटांत बसलं की ईमाचा १९५९चा ‘फ्वेगो देल आंदे’ हा अल्बम लावा. नावाचा अर्थ ‘अँडीजची आग’. इथे बॅक्स्टरचे ढग नाहीत. पेरूच्या लोकप्रिय आणि पारंपरिक चालींचा हा संग्रह आहे आणि ध्वनिमुद्रण स्टिरिओ आहे, त्यामुळे कानाला मोकळं वाटतं. त्यातलं ‘विर्हेनेस देल सोल’, म्हणजे सूर्याच्या कुमारिका, आधी ऐका. चाल होर्हे ब्राव्हो दे रुएदा या पेरूच्याच संगीतकाराची. धानीचे स्वर तुम्हाला स्वतःहून हाक मारतील. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेटीवर दुसऱ्याच फेरीत साथ करत होते, इतकं ते हाताला ओळखीचं वाटलं.

मग त्याच अल्बममधलं ‘ला मोलिना’ ऐका. ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या परंपरेतलं, चाबकाचे फटके पडतात त्या मोलिनाला मी आता जाणार नाही, असं सांगणारं. आणि ‘फ्लोर दे कानेला’ हे लिमा शहरातलं वॉल्ट्झच्या ठेक्यातलं गाणं, चाबुका ग्रांदा यांचं. डोंगर, किनारा आणि शहर असे पेरूचे तीन वेगळे आवाज एका बाईच्या तोंडून ऐकायला मिळतात. इथे ती वरच्या स्वरांची आतषबाजी कमी करते, गाणं म्हणते. ज्यांना ‘चुंचो’ अंगावर येतं त्यांनी खुशाल इथूनच सुरुवात करावी.

केचुआतले चार शब्द पाठ करून ठेवा, गाण्यांच्या याद्या वाचताना मजा येते : इंती म्हणजे सूर्य, ताइता म्हणजे बाप, वायरा म्हणजे वारा, ताकी म्हणजे गाणं. ‘ताइता इंती’ म्हणजे सूर्यबाप, ‘इंका ताकी’ म्हणजे इंकांचं गाणं.

मधेच मांबो

१९५४चा ‘मांबो!’ हा अल्बम पाय थिरकवायला आहे. वाद्यवृंद बिली मे या जॅझमधल्या माणसाचा, ट्रंपेट धारदार, आणि ईमा त्यांच्याशी भांडल्यासारखी गाते. ‘गोफर मांबो’ आणि ‘टाकी रारी’ ऐका. घरी पाहुणे आले असताना तिची ओळख करून द्यायची असेल तर हाच लावा. १९५२चा ‘लेजंड ऑफ द सन व्हर्जिन’ आणि १९५७चा ‘लेजंड ऑफ द हिवारो’ सावकाश, नंतर. १९७१च्या सुमाराचा ‘मिरॅकल्स’ हा रॉक वाद्यांबरोबरचा अल्बम सुरुवातीला टाळा. आवाज तोच, पण इलेक्ट्रिक गिटारच्या गर्दीत त्याचे सांधे ऐकू येत नाहीत आणि मला तरी तो प्रयोग जमलेला वाटत नाही.

पायरी ७ : शंका असेल तर मंचावरचं ऐका

स्टुडिओत काय वाटेल ते करता येतं, ही शंका कुणालाही येईल. १९६०-६१ मध्ये ईमाने सोव्हिएत संघाचा मोठा दौरा केला, महिनोन्महिने चाललेला. त्याच काळात १९६१ साली रोमानियात बुखारेस्टला झालेल्या तिच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ‘रिसायटल’ या नावाने निघालं. समोर श्रोते, मागे वाद्यवृंद, आणि ती चाळिशीकडे झुकलेली. खर्ज आणखी गडद झालेला आहे, वरची धार तशीच. आत्याने हे ऐकल्यावर पेटी उघडलीच नाही. नुसती ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, “रियाज सोडला नव्हता हं बाईने.”

पुढे कार्यक्रम विरळ झाले. पेरूने तिला ऑर्डर ऑफ द सन हा मोठा सन्मान दिला तो २००६ साली, तिच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, लिमामध्ये. १ नोव्हेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ती गेली.

पायरी ८ : मागे, १९४३ कडे

सगळ्यात शेवटी तिच्या सुरुवातीकडे जा. अर्जेंटिनात ओडिऑन कंपनीसाठी केलेली ती १९४३ची गाणी शोधा. आवाज धूसर आहे, सुई खरखरते. हॉलिवुड नाही, थाळ्या नाहीत, राजकन्या नाही. विवांकोचं पथक साथीला आणि विशीतली एक मुलगी तिच्या मुलखातली गाणी म्हणते आहे. कंठ हलका, थोडा अनुनासिक, टोकदार, डोंगरात या कड्यावरून त्या कड्याला हाक मारायला लागतो तसा. मोठा पल्ला अजून दाखवायचा नाहीये, पण मधूनच एखाद्या ओळीच्या शेवटी आवाज सहज वर उडतो आणि परत येतो, आणि सांधा ऐकू येत नाही.

ती तीन-चार गाणी झाली की हेडफोन काढू नका. लगेच ‘अताइपुरा’ पुन्हा लावा, आणि तो सगळा वाद्यवृंद डोक्यातल्या डोक्यात बाजूला सारून फक्त त्या मुलीला ऐका.